जाळं फाटल्याचं कारण

दीपगृह डाव्या खांद्यावर
आणि गडाचा बुरूज बरोब्बर नाळेसमोर आला
की साखरीनाट्याचा कुठलाही तांडेल
बोलणं अर्ध्यात टाकून जाळं आवरतो.
सतरा वाव खाली तिथे अडक आहे.
खडप नव्हे. विमान.

मी सोसायटीचा सेक्रेटरी.
नुकसानीच्या अर्जात, कारणाच्या रकान्यात
विमान, विमान लिहून कंटाळलो,
तेव्हा एकदा विलायतेला पत्र टाकलं.
कुणाच्या तरी जाळ्यातून वर आलेला एक पत्रा
रझिया होडेकरच्या खुराड्याचं दार झालाय.
त्यावरचा नंबर कळवला,
कोंबडीची शीट खरवडून.

अकरा महिन्यांनी कार्ड आलं, सोबत रोजनिशीची नक्कल.
बांधणी अमेरिकेत. इंजिनं चार.
बंगालातली धावपट्टी.
पूल. पुन्हा तोच पूल. ढगांमुळे परत.
तीन इंजिनांवर परत, शेपटीचा गोलंदाज जखमी.
नोव्हेंबर चव्वेचाळीस, रंगूनची गोदी, निशाण अचूक.
डिसेंबर पंचेचाळीस, म्हणजे लढाई संपल्यावर,
कोचीनहून कराचीकडे, माणसं पाच.
पोचलं नाही.
त्याखाली एक शिक्का, ज्याचं मराठी मी केलं:
खर्ची टाकले.

याच्या भावंडांचं मी नंतर वाचलं.
कानपूरला ओळीने उभी करून
त्यांच्यावर घण चालवले, इंजिनांत वाळू ओतली,
मागे कुणाला उडवता येऊ नयेत म्हणून.
तरी आपल्या लोकांनी त्यातली चाळीसेक
ठोकून-जोडून उडवलीच.
ती पुण्याहून यायची, समुद्रावर पहारा करायला.
मी शाळेत होतो. ती घरघर आली
की मांडवावरचे बांगडे थरथरायचे.
वरून भाऊ जायचा, खाली भाऊ.
परत जाऊन त्याने लिहिलं असेल:
पाणी स्वच्छ, संशयास्पद काही नाही.

हे सगळं मी कासमचाचा होडेकरांना वाचून दाखवलं.
जाळं त्यांचंच फाटलं होतं, चौथ्यांदा.
हातातली सुई रंगूनपाशी थांबली.

दाऊद, त्यांचा थोरला, तिथल्या गोदीत सुखाणी.
एकेचाळीसनंतर पत्र नाही.
चालत मणिपुराकडे निघालेल्यांत तो दिसला नव्हता.
शेहेचाळीसात परतलेला एक खलाशी सांगून गेला,
गोदीवर बाँब पडले त्या दिवशी गेला.
कुठल्या दिवशी, ते त्याला आठवेना.
बाँब तर कितीदा तरी पडले.

"येकटाच हुता काय ह्यो, त्या दिवशी?"
नाही, चाचा. बावीस होती.
बावीस, असं ते पुटपुटले,
आणि सुई पुन्हा चालू झाली.

मग म्हणाले, नाव काय त्याचा?
लिबरेटर.
म्हंजे?
म्हणजे सोडवणारा.
चाचा इतके हसले की खोकला लागला.
"सोडवणारा? आमची जाली तं सोडीत नाय कदी!"

निघताना दारात वळून सांगितलं,
मी विचारलं नव्हतं:
पाचांतले दोघे वाहत किनाऱ्याला लागले होते.
त्यांच्या बाने उंडीखाली पुरले.
कफन शिडाचं. एकाच्या मनगटावर घड्याळ,
ते फौजदाराने नेलं.

अर्ज मी भरला.
जाळं साडेचार किलो, दोर वेगळा, कारण विमान.
मंजूर व्हायला पाऊसकाळ उलटला.

आताही उधाण नसलं की चाचा तिथे गळ सोडतात.
बाँब ठेवायच्या पोकळीत गोबरे राहतात, हाताएवढे,
लिलावात दाम चांगला येतो.
एखादा उरला तर शेजारी देतात.
त्या रात्री होडेकरांकडे डाळ असते,
आणि का, ते रझियालाही
कुणी सांगितलेलं नाही.